हलव्याच्या डब्याला बांधलेला बेल्ट

हलव्याचा डबा वाचला. हे आधीच सांगून टाकते, कारण भेटायला येणारी निम्मी माणसं तेच आधी विचारायची. "काकू, दागिन्यांचं काय झालं हो?" काही झालं नाही. मुकुट, बासरी, बाजूबंद, गळ्यातला हार, सगळं जसंच्या तसं. एक दाणा निखळला नाही. मोडलो ते आम्ही.

मी कोपरला राहते, डोंबिवलीत. वय सहासष्ट. गेली चाळीस वर्षं संक्रांतीला घरी काटेरी हलवा करते. हे मी हाताने लिहीत नाहीये, बोलतेय. बोललं की फोनवर अक्षरं उमटतात आणि चुकलेली माझी लेक गौरी दुरुस्त करते. पेन मला धरता येतं, पण किती दाबून धरलंय ते कळत नाही, कागद फाटतो.

आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एक बाई जिन्यात पडल्या, मानेला मार लागला. त्यांचा मुलगा आला, म्हणाला, "काकू, पुढे काय काय होतं ते आईला तुम्हीच सांगा ना. डॉक्टरांचं तिला पटत नाही." मी गेले, दोन तास बोलले. येताना वाटलं, हे एकदा नीट सांगून ठेवावं. त्यांच्यासारख्यांसाठी, आणि गाडीत मागे बसणाऱ्यांसाठी.

*

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. रविवार होता. गौरीच्या बाळाचं पहिलं बोरनहाण. गौरी ठाण्याला असते.

बाजारचे दागिने मला चालत नाहीत. त्यातला हलवा यंत्राचा असतो, काटा कसा छापल्यासारखा. माझा हलवा हाताचा. परातीत भाजलेले तीळ, खाली मंद आच, वरून चमचाभर पाक, आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं. आच वाढली की काटा मोडतो, उतरली की पाक चिकटतो. हे बघून कळत नाही, घड्याळ लावून तर नाहीच. बोटांना कळतं. मला कुणी शिकवलं नाही, भाजून भाजून शिकले. नातवाच्या मुकुटासाठी मी पंधरा दिवस बसले होते.

गाडी आमच्या मंदारची, म्हणजे मुलाची. दिवाळीत त्याने सीटला मरून मखमली कव्हरं घालून घेतली होती. मागचे बेल्ट आणि ते अडकवायच्या खाचा सगळं त्या कव्हरांखाली गडप. कुणाची तक्रार नव्हती. मागे कोण बांधतं?

मी बांधलं. डब्याला.

मांडीवर डबा घेतला असता तर हिसक्याने मुकुट गेला असता. म्हणून मी डबा शेजारच्या सीटवर ठेवला, कव्हराच्या फटीत हात घालून ती खाच शोधून काढली, केसातली पिन वापरून वर ओढली, आणि डब्याभोवती बेल्ट घेऊन अडकवला. चांगली पाच मिनिटं गेली त्यात. पुढच्या सीटवरून हे बघत होते. म्हणजे माझे यजमान. ह्यांनी स्वतःचा बेल्ट बसल्या बसल्या लावलेला. जन्मभर वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीनवर काम केलेलं, तिथली ती सवय.

हे म्हणाले, "डब्याला बांधलंस. तुला कोण बांधणार?"

मी म्हटलं, "मी काय साखरेची आहे फुटायला?"

तिघंही हसलो. मंदारने गाडी काढली.

माणकोलीच्या नव्या पुलावरून गेलो, हायवेला लागलो. मंदार काही जोरात नव्हता, तो तसा चालवतच नाही. पुढचा टेम्पो एकदम थांबला. मंदारने ब्रेक मारला, तरी आदळलो. मला आठवतं ते एवढंच की ह्यांच्या सीटची पाठ माझ्या तोंडावर आली. ती माझ्याकडे आली असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. खरं तर मी तिच्याकडे गेले होते.

*

दुखलं नाही. हे कुणाला पटत नाही. दोन्ही हात कुणाचे तरी माझ्या शेजारी ठेवलेत असं वाटत होतं. कुणीतरी दार उघडलं, "उचला, उचला, आजींना बाहेर घ्या," असा गलका. तेवढ्यात रस्त्याकडेला भाजी घेऊन बसणारी एक बाई ओरडत आली, तिथल्याच गावची. तिच्या भावाला असंच घाईने उचलल्यावर तो परत उभा राहिला नव्हता, हे तिने तिथेच सगळ्यांना सुनावलं. मग माझ्या मागे बसून दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरलं. "हलू नको गो बाय. मी हाय ना, अशीच र्‍हा." ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिने हात काढले नाहीत. तिच्या हातांना मेथीचा वास येत होता. डॉक्टर नंतर म्हणाले, तिने धरलं म्हणून पाय वाचले. मला तिचं नाव माहीत नाही. मंदार दोनदा शोधून आला, त्या जागी आता दुसरंच कुणी बसतं.

*

डॉक्टरांनी सांगितलं तो दिवस.

तरुण डॉक्टर होता. हातात टाचणी. माझा हात धरून विचारायचा, "आजी, टोचतंय?" मी हातांकडे बघत होते. टाचणी टेकली की म्हणायचे, "हो." पुढचं बोट, "हो." सगळ्या बोटांना हो म्हणून झालं. मला वाटलं, झालं, आता घरी सोडतील.

गौरी उशाशी उभी होती. लहानपणापासून माझी थाप तीच पकडते. म्हणाली, "आई, डोळे मिट."

मिटले. मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघत होते की आता हा विचारेल, मग विचारेल. शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टर, करा ना सुरू."

तो म्हणाला, "आजी, झालं माझं. दहाही बोटं झाली."

डोळे उघडले तर गौरी भिंतीकडे तोंड करून उभी. मानेतल्या मज्जारज्जूला मार बसलाय, त्याने समजावलं. पाय हळूहळू येतील, हातांना वेळ लागेल, बोटांचं सांगता येत नाही. ऑपरेशन करून मणका स्थिर करावा लागेल.

मी विचारलं, "पुढच्या संक्रांतीपर्यंत बोटं येतील का?"

त्याला वाटलं मी चालण्याबद्दल विचारतेय. "चालायला लागाल हो तोवर," म्हणाला.

रडू आलं नाही. पुढेही आलं नाही. नवऱ्याला विचारलं मी, हे बरोबर आहे का, मला काहीच कसं वाटत नाही. हे म्हणाले, "वाटेल. घाई काय आहे?"

*

हॉस्पिटलातल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छताला पांढऱ्या चौकोनी फरश्या होत्या, त्यातल्या एकीवर पाण्याचा डाग. गळ्यात कडक कॉलर, त्यामुळे माझं जग तेवढंच. दर दोन तासांनी नर्स आणि मावशी येऊन मला कुशीवर वळवायच्या. मान, खांदा, कंबर एकदम, लाकूड लोटतात तसं. "एक, दोन, तीन." तीनला मी दुसऱ्या भिंतीकडे. मावशी म्हणायच्या, "चला आजी, गाव बदलू." मला हसू यायचं नाही, पण त्या आल्या नाहीत की चुकल्यासारखं व्हायचं.

ज्यांच्यावर आता ही पाळी आलीय त्यांना एक सांगते. लोक म्हणतात, धीर धरा, मन खंबीर ठेवा. मला काही ठेवता आलं नाही. मी नुसती पडून होते. वेळ झाली की वळवायचे, भरवायचे, पुसायचे. मन नंतर आलं, शरीराच्या मागून, लंगडत. नाही ठेवता आलं खंबीर तरी चालतं. व्यायाम तेवढा चुकवू नका.

तिसऱ्या दिवशी मंदार डबा घेऊन आला. गाडीतून काढून आणला होता. पलंगाजवळ उभं राहून झाकण उघडलं, मला दिसावा म्हणून तिरका धरला. "आई, बघ. एक दाणा नाही गेला." मला बरं वाटावं म्हणून आणलेला बिचाऱ्याने. मुकुटाचा प्रत्येक काटा शाबूत. पाहिला मी. म्हटलं, "बंद कर, मुंग्या येतील."

त्याच्या तोंडाचं काय झालं ते मला झाकणामुळे दिसलं नाही.

*

ह्यांचा उजवा हात गळ्यात अडकवलेला. खांद्यामागचं हाड आणि दोन बरगड्या मोडलेल्या. तरी रोज यायचे आणि डाव्या हाताने मला भरवायचे. निम्मं वरण कॉलरमध्ये. आमच्या दोघांत मिळून एकच हात चालू, अशी परिस्थिती.

एकदा असंच भरवताना मी म्हटलं, "बघा, तुम्ही बेल्ट लावलात. मोडलंच ना हाड? मग काय उपयोग त्या बेल्टचा?"

हे चमचा पुसत बसले.

गौरी खिडकीपाशी फळं चिरत होती. सुरी ठेवली तिने. "आई, बाबांचं हाड बेल्टने नाही मोडलं."

"गौरी, राहू दे," हे म्हणाले.

"का राहू दे? बेल्टने ते जागेवर राहिले. तू मागून आलीस. तुझा सगळा भार त्यांच्या सीटवर, सीट वाकून त्यांच्या अंगात. त्यांचं हाड तू मोडलंस, आई."

सलाईन बघायला आलेली नर्स थबकली.

हे म्हणाले, "अगं, वजनदार बायको आहे माझी. मला आधीपासून ठाऊक होतं."

नर्स फिस्सकन हसली आणि पळाली. गौरी हसली नाही, बाहेर गेली. मी छताकडे बघत होते, म्हणजे बघणं भागच होतं. मला इतके दिवस वाटत होतं, बेल्ट लावला नाही तर फार तर मला लागेल, माझा जीव, मी बघून घेईन. मागे बसलेलं माणूस पुढच्याच्या अंगावर जाऊन पडतं हे मला पासष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतेय. पुढे तुमचं कुणीतरी बसलेलं असतं.

मी विचारलं, "केव्हापासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

"बोलला नाहीत."

"बोलायचं तर तेव्हा गाडीत बोलायचं होतं." मग म्हणाले, "कंपनीत नवीन माणूस मशीनमध्ये हात घालायला गेला की मी अंगावर ओरडायचो. दोन जण बोलायचे बंद झाले माझ्याशी, पण बोटं राहिली त्यांची. घरच्या बायकोवर ओरडलो नाही. विनोद केला."

त्या वेळी मला काहीतरी वाटायला हवं होतं.

*

घरी आलो. पाय आले, आधी वॉकर, मग भिंत, मग नुसतीच मी. हात उचलायला लागले. बोटं वाकायला लागली. पण बोटांच्या टोकांना जाड मोजे घातल्यासारखं, ते काही निघेना. केस विंचरताना फणी पडायची, कळायचं ती आवाजाने. मंगळसूत्र हाताला लागत नव्हतं, आरशात बघून सरळ करायचे.

मंदार घरात बोलेनासा झाला. टेम्पो थांबला त्यात त्याची चूक नव्हती, पण त्याचं एकच. "मी वळून बघितलं नाही, आई. बाबा बोलले, तू बोललीस, मी हसलो आणि गेलो." गाडी दुरुस्त होऊन आली तशी खाली उभी. चावी देवघराजवळ टांगलेली. एकदा मी सहज गॅलरीतून पाहिलं, तर हा भर दुपारी पार्किंगमध्ये ब्लेडने मखमली कव्हरं फाडत होता. फाडून कचऱ्याच्या डब्यात कोंबली. वर येऊन हात धुतले आणि चहा मागितला. चहा मीच केला, ह्यांनी पातेलं धरलं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, स्नेहा. परातीत तांदूळ ओतायची, त्यात बटण, राजमा, नाणं लपवायची. "काकू, डोळे मिटून शोधा." महिन्याने बटण सापडलं. दोन महिन्यांनी राजमा आणि चिंचोका वेगळे कळायला लागले. एकदा मी तिला म्हटलं, "तीळ टाक ना त्यात."

ती म्हणाली, "तीळ तर मलापण नाही सापडणार, काकू."

"मला सापडायचे," मी म्हटलं.

*

डिसेंबर आला. थंडी पडली, म्हणजे आमच्याकडे पडते तेवढी. हलव्याला थंडीच लागते, काटा त्यानेच येतो. दुपारी हे झोपले होते. मी परात काढली. तीळ घातले, शेगडी बारीक केली, पाक सोडला. बोटं घातली.

फिरवत राहिले. डोळ्यांना सगळं तेच दिसत होतं. तीच परात, तीच बोटं, तशीच फिरतायत. मला फार बरं वाटलं. वर्षात पहिल्यांदा काहीतरी वाटलं ते हे.

मग वास आला. साखर जळाल्याचा वाटला मला. खाली बघितलं तर तीळ काळे पडत होते, आणि मधल्या दोन बोटांची कातडी पांढरी होऊन फुगली होती.

गॅस बंद केला. हात नळाखाली धरला. दुखत नव्हतं. त्याचीच भीती वाटली. हे उठून आले, परात बघितली, हात बघितला. या खेपेला विनोद केला नाही. ओरडले. इतक्या जोरात की शेजारच्या वहिनी दारात आल्या. "आच कळत नाही तर हात घालतेस कशाला? एकदा झालं तेवढं पुरलं नाही?" मी नळ चालू ठेवून उभी होते. चाळीस वर्षांत इतकं बरं वाटेल असं कुणी माझ्यावर ओरडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परात ह्यांच्यासमोर. मी स्टुलावर. "गरम लागतंय?" "लागतंय." "चटका की ऊब?" "मधलं काहीतरी." "मधलं म्हणजे? मधलं असं काही नसतं." "मग तू घाल हात!" असं आठ दिवस. सत्तरीचा माणूस, एका खांद्यात कळ, दर पाच मिनिटांनी हात बदलायचा. हलवा झाला. काटा आला नाही, गुळगुळीत मोत्यासारखा दाणा. गौरीला फोटो पाठवला तर म्हणाली, "हा कुणी केला? गोळ्या वाटतायत." ते ऐकून हे दिवसभर फुगून बसले होते.

मुकुट केला, त्याच गोळ्यांचा.

*

परवाच्या रविवारी परत ठाण्याला निघालो. नातू आता चालतो, पण बोरनहाण पाच वर्षांपर्यंत करता येतं. पहिलं करायचं राहूनच गेलं होतं. तेव्हाचा डबा गौरीने कपाटावर ठेवला, पुढे त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मंदारने चावी काढली. वर्षाने त्याने आम्हाला गाडीत बसवलं. हे या खेपेला पुढे बसले नाहीत, माझ्याशेजारी मागे बसले, कारण बेल्टचं बटण मला दाबवत नाही आणि अडकला की नाही ते बोटांना कळत नाही. ह्यांनी माझा लावला, मग स्वतःचा. मंदार मान वळवून बसला होता. दोन्ही आवाज ऐकल्यावर त्याने पुढे बघितलं.

"डबा कुठे ठेवलास?" ह्यांनी विचारलं.

"पायाशी."

पुलाआधीच्या वळणावर डबा सरकला, दाराच्या पत्र्याला लागला. आत काहीतरी तुटल्याचा आवाज मी नीट ऐकला. मंदारचा पाय लगेच उचलला गेला. "आई, डबा!"

"चालव तू."

"अगं पण मुकुट..."

"साखर आहे रे ती. चालव."

टेम्पो थांबला होता ती जागा आली. ह्यांनी हात माझ्या हातावर ठेवला. दिसला मला.

गौरीकडे पाटावर बाळाला बसवलं, काळं झबलं घालून. डबा उघडला तर मुकुटाचे बरोबर दोन तुकडे. गौरी माझ्याकडे बघायला लागली. गेल्या वर्षी असतं तर मी तिथेच मटकन बसले असते. म्हटलं, "अर्धा घाल, अर्धा देऊन टाक त्याला."

त्याने अर्धा मुकुट दोन्ही हातांनी धरून चोखला. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे डोक्यावरून पडत होते, त्याचं लक्ष नाही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दुडुदुडु आला आणि तो लाळेने भिजलेला तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला. मला द्यायचा होता त्याला.

मी डोळे मिटले. गार आहे की कोमट, कळलं नाही. टोचतोय का, नाही, त्याला काटा नव्हताच.

ओलं मात्र कळलं.